हायड्रोमीटर १.१५, तरी कॉइलवर बर्फ: मिश्र ब्राइनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदराला लागून असलेला हा बर्फाचा कारखाना. गाव, मालक आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत. गिऱ्हाईक ठरलेलं: ट्रॉलरवाले आणि मासळीचे व्यापारी. पद्धत जुनी. मोठी लोखंडी टाकी, तीत खारं पाणी म्हणजे ब्राइन, एका कडेला अमोनियाची कॉइल, बाकीच्या जागेत गोड्या पाण्याचे पत्र्याचे कॅन. अ‍ॅजिटेटर ब्राइन फिरवत राहतो. अमोनिया कॉइलमध्ये −१५ अंशांना उकळतो, ब्राइन −९ ते −१० अंशांवर राहतो आणि कॅनमधल्या पाण्याची लादी होते.

लादी किती वेळात तयार होईल हे दोन गोष्टींवर ठरतं. लादीची जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट लागतो. ब्राइन शून्याच्या जितका खाली, तितका वेळ कमी. म्हणजे ब्राइन −१० वरून −८ वर आला की वेळ सव्वापट होतो. हंगामाच्या गर्दीत सव्वापट म्हणजे दिवसाची पाचव्या हिश्श्याची विक्री गेली.

टाकीत आधी साधं मिठागराचं जाडं मीठ होतं. कॅन बाहेर काढताना त्याच्या अंगाला लागून थोडा ब्राइन प्रत्येक वेळी जातो, गोडं पाणी सांडून आत मिसळतं, त्यामुळे मीठ सतत घालावं लागतं. दोन हंगामांपूर्वी एका विक्रेत्याच्या माणसाने मालकांना पटवलं की मीठ −२१ ला संपतं, कॅल्शियम क्लोराइड −५० पर्यंत जातं. तेव्हापासून भर म्हणून फक्त कॅल्शियमच्या पापडीच्या गोण्या पडू लागल्या. जुना ब्राइन कोणी काढला नाही.

विक्रेता खोटं बोलला नव्हता. मिठाचं पाणी २३.३ टक्क्यांना −२१.१ अंशांपर्यंत द्रव राहतं, कॅल्शियम क्लोराइडचं सुमारे ३० टक्क्यांना −५० अंशांपर्यंत. पण हे दोन्ही आकडे शेवटच्या टोकाचे. १५ टक्क्यांच्या द्रावणात मीठ −१०.९ ला गोठतं आणि कॅल्शियम क्लोराइड −१०.३ ला. या पातळीवर किलोमागे किलो पाहिलं तर महाग माल स्वस्त मालापेक्षा कणभर मागेच आहे.

अडचण

नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या आणि बर्फाची मागणी चढली. त्याच सुमारास लाद्या उशिरा तयार होऊ लागल्या. ठरलेल्या वेळी कॅन उचलला तर लादीच्या मध्यात पाणी. कॉम्प्रेसर थांबत नव्हता, सक्शनचा, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या अमोनियाच्या दाबाचा, काटा मात्र खाली खाली जात होता. −१५ अंशांना अमोनियाचा गेज दाब साधारण १.३५ बार असतो. इथे तो १ च्या खाली उतरला होता, म्हणजे अमोनिया −१९ ते −२० च्या घरात उकळत होता आणि ब्राइन तरीही −७ वर अडकला होता.

मशीन सांभाळणारे गृहस्थ वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने मुरलेले. ते रोज हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी नळी, बुडवून वहीत आकडा लिहीत. वहीत १.१५, १.१५५, १.१५. भिंतीवर मिठाच्या ब्राइनचा तक्ता चिकटवलेला, त्यात १.१५ समोर गोठणबिंदू −१७. त्यांचा प्रश्न रास्त होता: "मीटर बरोबर आसा, मगे बर्फ कित्याक होणा नाय?"

दोन मतं तयार होती. मेकॅनिक म्हणत होता गॅस कमी आहे, भरू. मालक म्हणत होते कॅल्शियममुळे ब्राइन दाट झालाय, फिरत नाही. मालकांचा पुतण्या नुकताच बीएस्सी झालेला, तोही दाटपणाच्याच बाजूचा. मला बोलावलं ते या दाटपणाचा निकाल लावायला.

पहिला निर्णय: गॅस भरायचा नाही

सक्शन दाब कमी दिसला की अमोनिया भरायचा हा सरधोपट मार्ग आहे. पण कॉइलला उष्णता पोचत नसेल तरी दाब असाच पडतो. गॅस भरला असता तर खर्च झाला असता आणि खरं कारण आणखी काही दिवस झाकलं गेलं असतं. म्हणून आधी अ‍ॅजिटेटर बंद करून कॉइलवरचं झाकण काढलं. नळ्यांवर पांढरा थर होता, कुठे बोटभर, कुठे जास्त.

पांढरा थर दिसला की सगळे "मीठ बसलंय" म्हणतात. मिश्र ब्राइनमध्ये असा थर तीन वेगळ्या गोष्टींचा असू शकतो आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, पहिल्या दोघांचा तर एकमेकांच्या उलट. साधा बर्फ असेल तर ब्राइन पातळ पडलाय, मीठ वाढवायला हवं. मिठाचे स्फटिक असतील तर ब्राइन फार तीव्र झालाय, पाणी घालायला हवं. शून्याच्या खाली मीठ दोन रेणू पाणी धरून बसतं, आणि कॅल्शियम क्लोराइडमधला क्लोराइड त्याला आणखी बाहेर ढकलतो, म्हणून ही शक्यता खरी होती. तिसरी जिप्समची. मिठागराच्या मिठात सल्फेट असतं, त्याला कॅल्शियम भेटला की कॅल्शियम सल्फेटचा बारीक गाळ खाली बसतो.

ओळखण्याची तपासणी घरगुती म्हणावी इतकी सोपी आहे. थर खरवडून गाळणीवर निथळू दिला आणि काचेच्या ग्लासात खोलीच्या तापमानाला ठेवला. बहुतेक सगळा वितळला आणि जे पाणी झालं ते मूळ ब्राइनपेक्षा हलकं निघालं. म्हणजे बर्फच. मिठाचे स्फटिक असते तर पाणी जास्त जड झालं असतं. तळाशी थोडी पांढरी भुकटी उरली. ती गरम पाण्यातही विरघळली नाही, व्हिनेगर टाकल्यावर फसफसलीही नाही. कार्बोनेट नव्हे, जिप्सम.

मुख्य गुन्हेगार बर्फ, जिप्सम साथीदार. आणि एक दुष्टचक्रही दिसलं: बर्फाचा थर बसला की उष्णता अडते, सक्शन पडतो, अमोनिया आणखी थंड होतो, थर आणखी वाढतो.

हायड्रोमीटर कुठे फसला

वहीतला १.१५ खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ बदलला होता. त्यात दोन चुका एकावर एक बसल्या होत्या.

पहिली तापमानाची. हायड्रोमीटर खोलीच्या तापमानासाठी बनवलेला असतो. तो उणे तापमानाच्या ब्राइनमध्ये थेट बुडवला जात होता. थंड ब्राइन आकसून जड होतो, आणि या तीव्रतेला तेवढ्यानेच आकडा साधारण ०.०१ ने वर जातो. नमुना २० अंशांवर आणून मोजल्यावर घनता १.१४ निघाली.

दुसरी चूक मोठी. घनता फक्त द्रावण किती जड ते सांगते. गोठणबिंदू ठरतो पाण्यावर: क्षार विरघळल्यावर सुटलेल्या भारित कणांमुळे, म्हणजे आयनांमुळे, पाण्याचे रेणू बर्फात जाऊन बसायला किती नाखूश झाले आहेत यावर. या नाखुषीचं माप म्हणजे पाण्याची सक्रियता. शुद्ध पाण्याची १, आणि ती जितकी घटते तितका गोठणबिंदू खाली जातो. टाकीत एकच क्षार असेल तर घनतेवरून सक्रियता तक्त्यात सापडते. दोन असतील तर नाही. घनता १.१५ असलेलं मिठाचं द्रावण −१७ च्या आसपास गोठतं, तीच घनता असलेलं कॅल्शियम क्लोराइडचं −१३ च्या आसपास. भिंतीवरचा तक्ता ज्या ब्राइनसाठी होता तो ब्राइन टाकीत राहिलाच नव्हता.

जवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कॅल्शियम आणि क्लोराइडचं टायट्रेशन, म्हणजे त्यांचं प्रमाण काढणारी रासायनिक चाचणी, करून घेतलं. एकूण क्षार सुमारे १७ टक्के निघाले, त्यात वजनाने दोन भाग कॅल्शियम क्लोराइड आणि एक भाग मीठ. किलोभर पाण्यात १.२५ मोल (मोल म्हणजे कणांच्या संख्येवर पदार्थ मोजायचं एकक) कॅल्शियम क्लोराइड आणि १.१ मोल मीठ असं धरून हिशेब केला.

इथे पुण्याचं एक काम उपयोगी पडलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या व्ही. एस. पटवर्धन आणि अनिल कुमार यांनी १९८६ मध्ये मिश्र क्षारांच्या द्रावणांसाठी एक नियम मांडला. मिश्रणाची एकूण आयनिक तीव्रता काढायची. मिठाचा एक मोल १ मोजायचा, कॅल्शियम क्लोराइडचा ३, कारण दोन भाराच्या आयनाचं वजन जास्त पडतं. मग प्रत्येक क्षार तेवढ्याच तीव्रतेला एकटा असता तर त्याच्या पाण्याची सक्रियता किती, ते तक्त्यातून घ्यायचं आणि त्यांच्या लॉगरिदमची वाट्याप्रमाणे सरासरी काढायची. घनतेसाठीही असंच सूत्र आहे. मिश्रणाचा एकही प्रयोग न करता, फक्त एकेरी क्षारांच्या तक्त्यांवरून अंदाज निघतो. मला हा नियम आवडतो, कारण तो कागद-पेन्सिलने करता येतो आणि कारखान्यात बसून दुसऱ्याला समजावता येतो.

एकूण तीव्रता ४.८५ आली. त्यात मिठाचा वाटा सुमारे २३ टक्के, कॅल्शियम क्लोराइडचा ७७. सक्रियता ०.८८ च्या जरा खाली. गोठणबिंदू −१३ ते −१३.५. घनतेचं सूत्र १.१३९ देत होतं, म्हणजे टायट्रेशन आणि हायड्रोमीटर एकमेकांशी जुळत होते.

तक्त्यातले सक्रियतेचे आकडे २५ अंशांचे असल्याने हिशेबावर विसंबून चालणार नव्हतं. परीक्षानळीत ब्राइन घेऊन डीप फ्रीझरमध्ये ढवळत थंड केला. तापमान आधी गोठणबिंदूच्याही खाली घसरतं, पहिला स्फटिक पडला की झटक्यात वर येतं आणि थोडा वेळ टेकतं. ते टेकलेलं तापमान घ्यायचं, सगळ्यात खालचं नाही. ते −१३ च्या आसपास आलं. कॉइल −१५ ला असताना हा ब्राइन तिच्यावर गोठणार हे उघड होतं.

दाटपणाचा संशय

मालकांचा मुद्दा मी सोडून दिला नाही, कारण कॅल्शियम पाणी दाट करतो हे खरंच आहे. फ्रेंच वैज्ञानिक पोझय याने १८४७ मध्येच पाहिलं होतं की काही क्षार पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, वाढवतात तर काही चक्क कमी करतात. १९२९ मध्ये ग्रिनेल जोन्स आणि माल्कम डोल यांनी त्याला समीकरणात बसवलं. त्यातला बी हा गुणांक आयनाचा स्वभाव सांगतो. २५ अंशांना कॅल्शियमचा सुमारे ०.२८५, सोडियमचा ०.०८६, मॅग्नेशियमचा ०.३८५. पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्हींचा −०.००७. लहान किंवा जास्त भाराचा आयन भोवतीचं पाणी घट्ट धरतो, मोठा आणि एकभारी आयन पाण्याची बांधणी सैल करतो.

हे ऐकून पुतण्याने लगेच विचारलं, मग पोटॅशियम क्लोराइडच का घालू नये? प्रश्न हुशारीचा होता. पण पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण कितीही तीव्र केलं तरी −१०.७ अंशांच्या खाली द्रव राहत नाही. आपल्या कॉइलपाशी त्याचा उपयोग शून्य. व्हिस्कॉसिटी आणि गोठणबिंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीत चांगला असलेला क्षार दुसरीत नापास होऊ शकतो.

मग दाटपणाने किती नुकसान होत होतं? टाकीतल्या मिश्रणाची व्हिस्कॉसिटी त्याच तापमानाच्या पाण्याच्या सुमारे १.६ पट असावी असा अंदाज निघाला. कॉलेजच्या ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटरवर घेतलेलं माप त्याच्या जवळ आलं. त्याच घनतेचा निव्वळ मिठाचा ब्राइनही १.५ पट असतोच. उलट ब्राइन एक अंश थंड झाला की व्हिस्कॉसिटी सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे कॅल्शियममुळे आलेला जादा दाटपणा हा ब्राइन दोन-तीन अंश थंड केल्यावर येतो तेवढा. त्याने लाद्या सव्वापट उशिरा होत नाहीत.

अ‍ॅजिटेटरच्या मोटरचा प्रवाह वाढला होता, तो मालकांना दाटपणाचा पुरावा वाटत होता. पण असा खळाळता प्रवाह असताना मोटरवरचा भार मुख्यतः घनतेवर ठरतो, व्हिस्कॉसिटीचा वाटा थोडाच. भार वाढवत होता तो ब्राइनमध्ये तरंगणारा बर्फाचा चुरा.

कोणते पर्याय होते

लक्ष्य ठरवलं: गोठणबिंदू −२० च्या जवळ न्यायचा, म्हणजे कॉइलच्या तापमानाखाली चार-पाच अंशांची सोय राहील.

सगळा ब्राइन काढून नवा भरणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण ऐन हंगामात कारखाना बंद ठेवणं मालकांना परवडणारं नव्हतं, आणि टाकीभर खारं पाणी खाडीत किंवा शेतात सोडण्याची परवानगी कुठून आणायची? हा पर्याय बाजूला पडला. ब्राइनऐवजी वापरता येणारा ग्लायकॉल हा द्रव थंडीत फारच दाट होतो, शिवाय महाग. त्यावर वेळ घालवला नाही.

खरा निवाडा दोघांत होता: आणखी कॅल्शियम की पुन्हा मीठ. मालकांचा कल कॅल्शियमकडे, कारण आता अर्ध्याहून जास्त तेच आहे. हिशेब मात्र दुसरीकडे झुकत होता. −२० गाठायला दर हजार किलो पाण्यामागे मीठ लागणार होतं ६४ किलो. कॅल्शियम शुद्ध धरला तर ६१ किलो, पण बाजारातली पापडी ७७ टक्क्यांची, म्हणजे जवळपास ७९ किलो. मिठाच्या वाटेने घनता १.१७ होणार, कॅल्शियमच्या वाटेने १.१८. दाटपणातला फरक जेमतेम ५ टक्के, दोन्हीकडे सोसण्याजोगा.

निकाल फिरवला तो उष्णतेने. कॅल्शियमची पापडी विरघळताना किलोला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता सोडते. किलोभर पाण्याचा बर्फ करायला ३३४ किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे टाकीत ओतलेली प्रत्येक गोणी आपल्या जवळपास वजनाइतका बर्फ खाऊन टाकते. गेले काही आठवडे आकडा पडला की चालू टाकीत गोण्या रिकाम्या केल्या जात होत्या, तेही सगळ्यात गर्दीच्या वेळी. मीठ विरघळताना उलट किंचित थंडावा देतं.

मिठाची अडचण एकच: सल्फेट. मिठागराचं जाडं मीठ घातलं असतं तर उरलेल्या कॅल्शियमने आणखी जिप्सम पाडलं असतं. म्हणून रिफाइन्ड मीठ घ्यायचं ठरलं. किंमत वाढली, तरी पापडीपेक्षा कमीच पडली.

मीठ बाहेर पडण्याची भीतीही तपासली. निव्वळ मीठ −१५ अंशांना किलोभर पाण्यात पाच मोलांहून जास्त विरघळतं. नव्या मिश्रणात ते २.२ मोल होणार होतं, आणि कॅल्शियमकडून आलेला जादा क्लोराइड धरूनही मर्यादा लांब राहत होती. आधीच तीव्र मिठाच्या ब्राइनमध्ये कॅल्शियम ओतलं असतं तर हा हिशेब इतका सुखाचा नसता.

काय केलं

आधी कॉम्प्रेसरची क्षमता उतरवून सक्शन वर आणला, कॉइलवरचा बर्फ ब्राइनमध्येच वितळू दिला. त्यासाठी एका रात्रीचं उत्पादन गेलं. त्यावर मालक नाराज होते आणि त्यांची नाराजी मला समजत होती. पण थर तसाच ठेवून मीठ घातलं असतं तर नंतर बर्फ वितळून ब्राइन पुन्हा पातळ झाला असता आणि सगळे आकडे बिघडले असते.

मग वेगळ्या पिंपात टाकीतलाच ब्राइन घेऊन त्यात मीठ विरघळवलं, गाळलं आणि टप्प्याटप्प्याने टाकीत सोडलं. प्रत्येक टप्प्यानंतर गोठणबिंदू परीक्षानळीत मोजला. शेवटचे दोन टप्पे गरजेपेक्षा लहान ठेवले, कारण टाकीतल्या पाण्याचं नेमकं वजन कोणालाच माहीत नव्हतं.

निकाल

गोठणबिंदू −१९ च्या जवळ थांबवला. सक्शन १.३ बारच्या आसपास स्थिरावला, ब्राइन −९ पर्यंत उतरला आणि लाद्या पुन्हा भरीव निघू लागल्या. गॅस भरावा लागला नाही.

सगळं मात्र पूर्ववत झालं नाही. जिप्समचा पातळ थर नळ्यांवर राहिलाच. तो ब्राइनमध्ये विरघळत नाही, खरवडूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीची वाट पाहणं भाग होतं. ब्राइन पूर्वीइतका −१० पर्यंत जात नव्हता, त्यामागे हाच थर असावा. बर्फाचा चुरा गेल्यावर अ‍ॅजिटेटरच्या मोटरचा प्रवाह उतरला, पण घनता वाढल्यामुळे जुन्या मिठाच्या दिवसांपेक्षा थोडा वरच राहिला. हे अपेक्षित होतं आणि मालकांना आधीच सांगितलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली कॅल्शियमची गोणी फोडण्याआधी दोन प्रश्न पुरेसे होते: टाकीत आत्ता काय आहे, आणि ते बाहेर काढणार का? क्षार बदलायचाच असेल तर बंदीच्या काळात पूर्ण बदलावा. दोन क्षारांचा ब्राइन वाईट नसतो, पण त्याला स्वतःचा तक्ता लागतो, आणि प्रत्येक भरीबरोबर तो तक्ता बदलतो.

वहीत आता घनतेच्या शेजारी नमुन्याचं तापमान आणि आठवड्याचा गोठणबिंदू असे दोन रकाने आले आहेत. हंगामाच्या मध्यावर एकदा टायट्रेशन करायचं ठरलं. सक्शन दाब आणि ब्राइनचं तापमान यांतलं अंतर रोज पाहिलं असतं तर थर बोटभर होण्याच्या कितीतरी आधी कळला असता. तो आकडा दोन काट्यांवर समोरच होता, पण तो मोजायचा असतो हे कोणी ठरवलं नव्हतं.

माझ्या बाजूने पाहता, कॉलेजातलं व्हिस्कोमीटरचं माप टाळता आलं असतं. हिशेब झाल्यावर त्याची तांत्रिक गरज नव्हती. पण ते झालं नसतं तर मालकांचा दाटपणाचा संशय गेला नसता, आणि मीठ घालायला त्यांनी होकार दिला असता असं मला वाटत नाही.

पुढच्या बंदीत टाकी रिकामी होईल तेव्हा परत निव्वळ मिठावर यायचं की पूर्ण कॅल्शियमवर जायचं, हे अजून ठरलेलं नाही. −१५ च्या कॉइलला मीठ पुरतं. मालकांच्या डोक्यात मात्र मासळी गोठवायचा छोटा विभाग आहे, त्याला −३० च्या आसपासची कॉइल लागेल, आणि तिथे मीठ चालणार नाही. दोन वेगळ्या टाक्या घ्यायच्या तर जागा कमी पडते. बोलणी तिथे अडली आहेत.